मंडळीचा ग्रुप आन् गावभर गोठ

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात पत्रं कमी आणि व्हॉट्सॲपवर मेसेज जास्त आले, आणि गंमत अशी की बहुतेक मेसेज व्हॉट्सॲपच्याच तक्रारीचे. म्हणून बाकीचे प्रश्न (सोयरीक, मंडळी म्हणजे आपलं चर्च बदलावं का, नाताळचा खर्च वगैरे) पुढच्या अंकात घेऊ, यावेळी फक्त फोन. नावं कोणाचीच छापत नाहीये, काही ठिकाणी तालुकाही मीच गाळलाय, कारण आपल्याकडे तालुका आणि "ख्रिस्ती घर" एवढं सांगितलं की माणूस सापडतोच. भाषा ज्यानं जशी लिहिली तशीच ठेवलीये.

प्रश्न: ताई, प्रेझ द लॉर्ड. आमी दारव्हा तालुक्यातले. मंडळीचा प्रार्थनेचा ग्रुप हाय, दीडशेक लोकं असतीन. माह्या सुनेचं तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. मी रडत रडत शेजारच्या बाईले सांगतलं, ते आमच्याच मंडळीतली, मनानं चांगली हाय. तिनं घरी जाऊन ग्रुपवर टाकलं, सुनेचं नाव टाकून, का अमकीचं असं असं झालं, प्रभू तिले धीर देवो, सगळ्यांनी प्रार्थना करा. संध्याकाळपर्यंत पुसदले तिच्या माहेरी समजलं. तिच्या मायले आमी अजून सांगतलंच नव्हतं. आता सून मायाशी बोलत नाई, चर्चात येत नाई. मी ग्रुप सोडू का? आन् त्या बाईले काय म्हनू?

उत्तर: बाई, ग्रुप सोडून काही होणार नाही, ग्रुपवाले आणखी एक गोष्ट बोलतील एवढंच. आधी सुनेचं पाहू. तिचा राग शेजारणीवर कमी आणि तुमच्यावर जास्त आहे आणि तो बरोबर आहे असं मला वाटतं, वाईट वाटून घेऊ नका. तिच्या अंगावरची गोष्ट होती, कोणाला कधी सांगायची ते तिनं ठरवायचं होतं, आणि घराबाहेर ती पहिल्यांदा तुमच्या तोंडून गेली. तेव्हा तिला जवळ बसवून सरळ म्हणा की मी सांगायला नको होतं. त्याच्यापुढे "पण मी प्रार्थनेसाठीच सांगितलं" हे जोडू नका, ते जोडलं की माफी गेली. आणि चर्चात कधी यायचं ते तिच्यावर सोडा, चार आठवडे नाही आली तर प्रभू काही हजेरी घेत नाही.

बायबलात मार्कच्या पाचव्या अध्यायात याईराच्या मेलेल्या मुलीची गोष्ट आहे, संडे स्कूलपासून ऐकतो आपण. घरात लोक रडतायत, गोंगाट चाललाय, आणि येशू त्या सगळ्यांना बाहेर काढतो. आत कोण, तर पोरीचे आईबाप आणि त्याचे तीन शिष्य, पेत्र, याकोब, योहान, बस. पोरगी उठते, आणि तो ताकीद देतो की हे कोणाला कळू देऊ नका, आणि म्हणतो तिला काहीतरी खायला द्या. ते "खायला द्या" मला फार आवडतं. एवढा मोठा चमत्कार झाला आणि त्याला काळजी कशाची, तर लेकरू उपाशी आहे याची! आपल्या प्रार्थनेच्या ग्रुपात मात्र आपण ज्यांना बाहेर काढायचं त्यांनाच आधी आत बोलावतो, दीडशे जणांना.

त्या बाईंकडे पायी जा, एकट्या जा. मत्तयच्या अठराव्या अध्यायात हेच सांगितलंय, भावाचं चुकलं तर आधी त्याला एकांतात गाठ. ग्रुपवर टोमणा नको आणि स्टेटसला वचन तर मुळीच नको. हे स्टेटसचं आपल्या लोकांत फार वाढलंय बाप्पा, कोणाशी बिनसलं की नीतिसूत्रांतलं त्याला झोंबेल असं वचन शोधायचं आणि सकाळी सकाळी लावून द्यायचं, खाली गुलाबाचं फूल. पवित्र शास्त्राचा तो काय वापर झाला?

मेसेज पुसायचं म्हणाल तर लिहिणाऱ्याला साधारण दोन-अडीच दिवस "डिलीट फॉर एव्हरीवन" करता येतं, आणि ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याचा मेसेजही काढू शकतो. पण जो पुढे पुसदला गेला तो गेला, तो परत येत नाही. ॲडमिनला एवढं मात्र सांगा की ज्याचं दुखणं आहे त्याला विचारल्याशिवाय नाव आणि आजार ग्रुपवर येणार नाही असा नियम करा. काही जण म्हणतात नाव न घेता "एका बहिणीसाठी" लिहायचं. शहरात चालत असेल. तीस घरांच्या मंडळीत "एका बहिणीसाठी" म्हटलं की दहा मिनिटांत ती बहीण कोण ते निघतं, आणि कधी कधी चुकीचीच निघते. त्यापेक्षा मनापासून प्रार्थना करणाऱ्या दोन बायका धरा आणि त्यांना फोन करा.

एक गोष्ट कायद्याची पण सांगते, कारण प्रार्थनेच्या नावाखाली हे झालेलं मी पाहिलंय. कोणाला एचआयव्ही आहे हे त्याच्या संमतीशिवाय सांगायला 2017 च्या कायद्यानं बंदी आहे. आणि ज्या लेकरावर लैंगिक अत्याचार झालाय त्याचं नाव, फोटो, शाळा, गाव, ओळख पटेल असं काहीही सोशल मीडियावर टाकणं पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. "त्या लेकरासाठी प्रार्थना करा" असं लिहिलं म्हणून त्यातून सुटका नाही.

प्रश्न: "हा मेसेज 11 जणांना पाठवा, रात्री 12 च्या आत चांगली बातमी येईल, डिलीट केला तर येशू तुम्हाला नाकारेल" असे मेसेज मंडळीतले मोठे मोठे लोक पाठवतात. नाही पाठवला तर पाप लागते का?

उत्तर: नाही लागत. डिलीट करा आणि झोपा. पण पाठवणाऱ्या मावशीला ग्रुपवर झापू नका, दुसऱ्या दिवशी फोन करून तब्येत विचारा. पोरं पुण्या-मुंबईला, घरात एकटी बाई, तिला बरेचदा "मी आहे इथं" एवढंच कळवायचं असतं.

प्रश्न: मी 22 वर्षांचा, चिखलदरा तालुक्यातला. आमच्या युवक संघाच्या ग्रुपचा मीच ॲडमिन आहे. ग्रुपवर व्हिडिओ आला, चर्च जळतंय, लोक पळतायत, खाली लिहिलं होतं "शेजारच्या राज्यात काल झालं, मीडिया दाखवणार नाही, सगळ्यांना पाठवा". मी स्टेटसला ठेवला. माझा एक मित्र, पहिलीपासून सोबत, तो हिंदू आहे, त्यानं विचारलं हे कधीचं, मी म्हटलं तुला काय करायचं, मग बोलाचाली झाली, आता तो बोलत नाही. नंतर कळलं की व्हिडिओ बाहेरच्या देशातला आहे आणि जुना आहे. पण ताई, ख्रिस्ती लोकांवर हल्ले होतात हे तर खरंच आहे ना? मग माझं एवढं काय चुकलं? आणि ॲडमिन म्हणून माझ्यावर केस होऊ शकते का?

उत्तर: होतात हे खरं आहे, त्याच्यात मी काही लपवणार नाही. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जीपमध्ये झोपलेले असताना जाळलं. बारीपदाला कुष्ठरोग्यांत काम करणारा माणूस. 2008 ला ओडिशातल्याच कंधमालमध्ये घरं आणि चर्च जाळली, हजारो लोक छावण्यांत राहिले. ही तारीख असलेली, गाव असलेली, कोर्टात गेलेली प्रकरणं आहेत. आणि म्हणूनच तुझं चुकलं. तू परदेशातला जुना व्हिडिओ "कालचा" म्हणून ठेवलास, तो खोटा निघाला, आता उद्या खरंच कुठं काही झालं आणि तू सांगायला गेलास तर तुझा मित्र म्हणणार हा पण बाहेरचाच का? त्याला दोष कसा द्यायचा? जे लोक खरंच पोळले त्यांची साक्ष आपणच हलकी करतो. दहा आज्ञांतली खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा कॅथलिकांच्या मोजणीत आठवी आणि आपल्या प्रोटेस्टंटांच्या मोजणीत नववी, पण दगडी पाटीवर दोघांच्याही आहे.

आणि साक्ष "शेजाऱ्याविरुद्ध" म्हटलंय तिथं. तुझ्या स्टेटसखाली तुझा मित्र न बोलता वाचत होता की हे माझ्या लोकांनी केलं. तो तर कुठं नव्हताच त्याच्यात.

1 जुलै 2018 आठवते का, तू शाळेत असशील. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे व्हिडिओ आणि मेसेज गावागावात फिरत होते, आणि बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी ठार मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं होती. कोणत्याही टोळीची नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड अशी मर्यादा आणायला घेतली, आणि 2020 पासून खूप फिरलेला मेसेज (ज्याच्यावर दोन बाण दिसतात) एका वेळी एकाच चॅटला जातो. दोन बाण दिसले की समजायचं, हा हजार हातांतून आलाय आणि पहिला हात कोणाचा ते कोणालाच माहीत नाही.

पाहायचं कसं ते सांगते, फार अवघड नाही. व्हिडिओ थांबव, स्क्रीनशॉट काढ, गूगल लेन्समध्ये टाक, जुना असेल तर बरेचदा तिथंच जुनी बातमी निघते. नाही निघाली तर चित्र मोठं करून दुकानांच्या पाट्या पाहा, गाड्यांचे नंबर पाहा, पोलिसांचे कपडे पाहा. माझ्याकडे असाच एक "छत्तीसगडचा" म्हणून आला होता, मागं बसथांबा होता आणि त्याच्यावरची लिपी भारतातली कोणतीच नव्हती, एवढं पाहायला अर्धं मिनिट लागलं. आणि "मीडिया दाखवणार नाही" हे वाक्य दिसलं की मी तर तिथंच हात आवरते.

केसचं असं आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्याच एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलं की ग्रुपमध्ये दुसऱ्या सदस्यानं काही लिहिलं म्हणून नुसता ॲडमिन आहे एवढ्यावरून ॲडमिनवर गुन्हा येत नाही, दोघांचं आधी ठरलेलं असेल, एकच हेतू असेल तर गोष्ट वेगळी. पण तू स्वतः स्टेटसला ठेवलंस ते तुझं झालं. धर्माधर्मांत तेढ वाढवणं आणि मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं यांची कलमं 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 196 आणि 299 ही आहेत, आधी ती दंड संहितेत 153 अ आणि 295 अ होती. "फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड" लिहिलं की आपली जबाबदारी संपली असं पोरांना वाटतं, तसं काही नसतं.

आता तू स्टेटस काढला असशील, पण ज्या लोकांनी तो पाहिला त्यांच्यासाठी पुन्हा दोन ओळी ठेव की परवाचा व्हिडिओ इथला नव्हता, मी न पाहता टाकला. युवक संघाच्या ग्रुपवरही तेच. मित्राकडे मात्र मेसेज नको, घरी जा.

प्रश्न: माझे सासरे 68 वर्षांचे, शुगरचे पेशंट. दिवसभर यूट्यूबवर एका प्रचारकाचं लाईव्ह पाहतात. तो म्हणतो स्क्रीनवर हात ठेवा, बरे झालात अशी कमेंट करा, आणि खाली क्यूआर कोड असतो. यांनी "मी बरा झालो, आमेन" अशी कमेंट केली आणि गोळ्या बंद केल्या. आता पायाला जखम आहे, तीन आठवडे झाले भरत नाही. बोललं की म्हणतात तुमचा विश्वास कमी. (वाशिम जिल्हा)

उत्तर: वहिनी, हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत थांबायला नको म्हणून तुम्हाला फोन केलाच होता, इथं बाकीच्यांसाठी लिहितेय. शुगरच्या माणसाच्या पायाची जखम थांबत नाही. आधी दवाखाना, वाद नंतर. पाय गेल्यावर यूट्यूबवाला काही भेटायला येणार नाही.

वाद घालायचाच तर त्यांच्याच शास्त्रातून घाला, डॉक्टरांचं ते ऐकणार नाहीत. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी येतात, येशू त्यांना म्हणतो जा, याजकांना दाखवा. त्या काळी कोड गेलं की नाही हे तपासून सांगायचा अधिकार याजकाचा होता. म्हणजे ज्यानं बरं केलं त्यानंच तपासणीला पाठवलं, त्याला तपासणीचं भेव नव्हतं! मग सासऱ्यांना म्हणा, बाबा, तुम्ही बरे झालात ना, छान झालं, चला लॅबमध्ये एचबीएवनसी करू, त्यात मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर कळते, रिपोर्ट चांगला आला तर मीच मंडळीत साक्ष देते. प्रेषित पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता, आणि आपला शिष्य तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलानं थोडा द्राक्षारस घे असं सांगितलं, नुसती प्रार्थना कर म्हणून थांबला नाही.

आणखी एक. आपल्या भागात मिशनऱ्यांनी चर्चांसोबत दवाखाने उभे केले. तुमच्याच वाशिमचा रेनॉल्ड्स मेमोरियल, नागपूरचा म्युर मेमोरियल, अचलपूरजवळ कोठाऱ्याचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना. तिथं वॉर्डात सकाळी प्रार्थना व्हायची आणि मग राउंड, औषध. कोणी कोणाला विश्वास कमी म्हटलं नाही. यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, 1953 पासून, 1983 ला पुण्याला गेली. तिथं शिकलेल्या पाळकाला मंडळी ओळखायची, त्याचं घर माहीत, त्याची बायकापोरं माहीत, चुकला तर विचारणारे पंच होते. यूट्यूबवाल्याला विचारणारं कोण आहे? तो बोलतो कुठून हेही सासऱ्यांना माहीत नसेल. बरं, जादूटोण्यासारख्या उपायांनी मधुमेह वगैरे बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, पण जाहिरातीवर प्रार्थनेचं पांघरूण घातलं की कोण तक्रार करतो.

फोनचं काम पण करा. यूट्यूबवर एक पाहिलं की तसलेच दहा समोर येतात, ते यंत्र तसंच आहे, त्याला विश्वास-अविश्वास कळत नाही. त्या व्हिडिओंवर तीन टिंबं दाबून "नॉट इंटरेस्टेड" करत जा, चॅनल येऊ देऊ नका, आणि त्यांना आवडतील अशी जुनी मराठी भजनं लावून द्या, आठवड्याभरात फरक दिसतो. आणि ती कमेंट. ती काढायला लावा, चिडून नाही, रिपोर्ट आल्यावर. ती वाचून दुसरा कोणी शुगरवाला म्हातारा गोळ्या सोडत असेल.

प्रश्न: आम्ही नाताळात मेळघाटातल्या पाड्यांवर ब्लँकेट वाटतो. फोटो फेसबुकवर टाकतो. यंदा एक जण म्हणाला हे बायबलच्या विरुद्ध आहे. पण फोटो नाही टाकले तर देणगीदार विचारतात पैसे कुठं गेले.

उत्तर: देणगीदारानं विचारलंच पाहिजे. त्याला दुकानाचं बिल द्या, गठ्ठ्यांचा फोटो द्या, कोणत्या पाड्यावर किती गेले ती यादी द्या, खजिनदाराच्या सहीनं, आणि हे त्याला एकट्याला पाठवा. त्यात त्या कोरकू आजीचा चेहरा कशाला पाहिजे?

मी असले काही फोटो पाहिलेत (तुमचे नसतील, पण सगळे सारखेच असतात). एक ब्लँकेट, त्याला धरलेले सहा जण, सगळे कॅमेऱ्याकडे पाहून हसतायत, आणि मधात ती म्हातारी खाली पाहतेय. थंडीत उभी ठेवलीये तिला, नेटवर्क येईपर्यंत. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये हे मत्तय सहामधलं सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळं परत सांगत नाही. मला जास्त खटकतं ते हे की तिला कोणी विचारलं नाही. तिच्या नातवाच्या फोनवर तो फोटो येतो, गावात त्याला चिडवतात, आणि पुढच्या वर्षी तुमची गाडी आली की ती माणसं घरात जाऊन बसतात, आणि तुम्ही म्हणता लोक कृतघ्न आहेत.

होस्टेलच्या लेकरांचे फोटो तर बंदच करा. कोणाच्या बाप्तिस्म्याचा फोटो असेल तर तो माणूस स्वतः टाकेल तेव्हा टाकेल, त्याच्या घरी, भावकीत त्यानं अजून सांगितलंय की नाही हे तुम्हाला माहीत नसतं.

प्रश्न: आमच्या मंडळीच्या हिशोबात घोळ आहे. तीन वर्षं ऑडिट दाखवलं नाही. मी फेसबुकवर लिहिलं तर पंच म्हणतात तू मंडळीची बदनामी करतो, घरातलं घरात ठेव, मत्तय 18 वाच. गप्प बसू का?

उत्तर: गप्प बसू नका. फक्त फेसबुक ही त्याची जागा नाही, आणि "घरातलं घरात" हे बायबलात कुठं लिहिलंय तेही पंचांना विचारा. मत्तय 18 अर्धाच वाचायची आपल्याकडे सवय आहे. आधी एकांतात, मग एकदोन जण सोबत घेऊन, मग मंडळीसमोर, म्हणजे शेवटी सगळ्यांसमोर आणायचंच आहे, दाबून टाकायला नाही सांगितलं.

तेव्हा सभासद म्हणून लेखी मागा, पोच घ्या. वार्षिक सभेत विचारा. तुमची मंडळी ज्या ट्रस्टखाली आहे तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेला असेल तर त्याला हिशोब ठेवावे आणि ऑडिट करून घ्यावे लागतात, आणि नाही केलं तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्याच्या ऑफिसात अर्ज करता येतो. त्या एका अर्जात जेवढं वजन आहे तेवढं तुमच्या चाळीस पोस्टींत नाही. फेसबुकवर काय होतं, तुम्ही ऑडिटचं विचारता आणि तिसऱ्या कमेंटला कोणीतरी पाळकाच्या बायकोच्या साडीवर येतो, मग सगळं त्याच्यातच जातं आणि ऑडिट राहतं बाजूला.

पण लेकराशी किंवा बाईशी कोणी वाईट वागलं असेल, मग तो पाळक असो की पंच की संडे स्कूलचा शिक्षक, तिथं मत्तय 18 ची पायरी पायरी करत बसू नका. लहान मुलासाठी 1098 ही हेल्पलाइन, नाहीतर सरळ पोलीस स्टेशन. तिथंसुद्धा फेसबुक नको, त्या लेकराची ओळख फुटते.

प्रश्न: आमच्या पाळकसाहेबांचा फोटो लावून कोणीतरी फेसबुक अकाउंट काढलं आणि "दवाखान्यात आहे, अर्जंट पाच हजार टाका" असे मेसेज केले. दोघातिघांनी टाकले पण.

उत्तर: टाकलेल्यांनी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जेवढ्या लवकर तेवढे पैसे मधात अडवता येण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही होते. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं म्हणजे आयटी कायद्याचं 66 ड, तीन वर्षांपर्यंत कैद. ते खोटं अकाउंट मंडळीतल्या सगळ्यांनी रिपोर्ट करा. आणि रविवारी उपासनेनंतर जाहिरातीच्या (सूचनांच्या) वेळी सांगून टाका, की साहेब पैसे मागतील तर तोंडानं मागतील. पैसे यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही सांगा, म्हाताऱ्या लोकांना अजून माहीत नाही.

प्रश्न: मी बारावीला आहे. चर्चात गाणं गाते. मैत्रिणीनं माझी रील बनवली, मी इन्स्टावर टाकली. पुष्कळ लोकांनी चांगलं लिहिलं पण काही जणांनी घाण कमेंट केल्या, माझ्या कपड्यांवर, आणि त्यातले दोघं आमच्याच मंडळीतले आहेत, एक तर लग्न झालेला. आई म्हणते अकाउंट बंद कर, मुलीच्या जातीनं हे करूच नये. पप्पांना अजून सांगितलं नाही. मी देवाची स्तुती करत होते ना ताई, मग माझं चुकलं का?

उत्तर: नाही पोरी, तुझं काही चुकलेलं नाही. ज्यांनी लिहिलं त्यांचं चुकलं. ते आधी डोक्यातून काढ.

आता आईचं. तिला भेव वाटतंय आणि ते खोटं नाही, गावात पोरीचं नाव निघालं की कसं होतं ते तिनं पाहिलंय. म्हणून तिच्याशी भांडू नको, तिला शेजारी बसवून फोन दाखव. घाण कमेंटचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेव, नाव आणि तारीख दिसेल असे, मग कमेंट काढ आणि त्या लोकांना ब्लॉक कर. उलटं करू नको, नाहीतर आधी पुसून नंतर पुरावा शोधायचा असं होतं. सेटिंगमध्ये अकाउंट प्रायव्हेट कर, कमेंट फक्त ओळखीच्यांना उघड्या ठेव, आणि न आवडणारे शब्द अडवायची सोय असते तिथं, त्यात मराठी शब्दही टाकता येतात, देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत दोन्हीकडून टाक. रीलमध्ये शाळेचं नाव, घराची गल्ली, कॉलेजला जायची बस हे दिसत असेल तर ती काढून दुसरी टाक.

मंडळीतल्या त्या दोघांचं तू काही करायचं नाही. स्क्रीनशॉट आईकडे दे, आईनं पप्पांना सांगायचं (सांगायचंच, लपवलं तर उद्या तेच तुझ्यावर येईल), आणि पप्पांनी पाळकांना घेऊन त्या माणसांच्या घरी जायचं. लग्न झालेल्याच्या घरी त्याच्या बायकोसमोर बोलायचं का ते पाळकांनी ठरवावं, मी तिथं असते तर बोलले असते. परत लिहिलं किंवा मेसेजमध्ये आले तर पोलिसांत, तू अठराच्या खाली असशील तर ते प्रकरण त्यांच्यासाठी फार जड होतं, हे त्यांना तिथंच सांगून टाकायचं. पाळक "जाऊ द्या, पोरीनंच टाकलं होतं" म्हणाले तर मला कळव, मी फोन करते त्यांना.

गाणं सोडू नको. लाइक किती आले ते मात्र रोज मोजत बसू नको, बारावी आहे, फेब्रुवारीत पेपर आहेत.